गावातला समुपदेशक घडवताना: कोकणपट्टीवर व्यसनोपचाराचे प्रशिक्षण कसे उभारावे

तालुका आरोग्य कार्यालयात, एखाद्या सामाजिक संस्थेत किंवा मच्छीमार सोसायटीत काम करताना, आपल्या भागासाठी आठ-दहा व्यसनमुक्ती समुपदेशक तयार करण्याची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्या व्यक्तीसाठी हा लेख लिहिला आहे. समुपदेशक म्हणजे येथे मानसशास्त्राचे पदवीधर अभिप्रेत नाहीत. आशाताई, बचत गटाची अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, दारू सोडून काही वर्षे झालेला एखादा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, अशा गावातल्याच माणसांना नेमके आणि तपासून पाहिलेले कौशल्य कसे द्यावे, हा आपला विषय आहे.

अशा माणसांची गरज का आहे, ते एका आकड्यावरून कळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे आढळले की, दारूचे अवलंबित्व असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा उपचार मिळतो. कोकणात त्यात अंतराची भर पडते. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ओरोस आणि अलिबागला जिल्हा रुग्णालये आहेत. पण मंडणगडच्या माणसाला रत्नागिरी गाठून परत यायचे तर दिवस मोडतो, आणि रोजंदारीवर जगणारा माणूस चार आठवड्यांत चार दिवस मोडत नाही.

आधी काय शिकवायचे ते ठरवा, आणि थोडेच शिकवा

नवख्या आयोजकाची पहिली चूक अशी की, तो तीन दिवसांच्या शिबिरात मेंदूची रचना, व्यसनाचे प्रकार, योग, आहार, कायदा आणि एका मुक्त झालेल्या रुग्णाचे मनोगत असे सगळे भरतो. शिबिर छान होते, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि सोमवारी आशाताई समोरच्या माणसाला पूर्वीसारखेच सांगते, "दादा, दारू वाईट, सोडून द्या."

एक पद्धत निवडावी. आपल्या शेजारीच, गोव्यात, अशी एक पद्धत तयार झाली आणि तपासलीही गेली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या समुपदेशकांकडून, अपायकारक पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींचा उपचार दिला. एकेक भेट साधारण अर्ध्या ते पाऊण तासाची होती. पहिल्या टप्प्यात माणसाच्या पिण्याचा सविस्तर आढावा घेऊन तो त्याच्यासमोर ठेवायचा, मधल्या टप्प्यात नकार देणे, तलफ हाताळणे, अडचण सोडवणे ही कौशल्ये शिकवायची, आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा पिणे झाले तर काय, याची तयारी करायची, अशी तिची मांडणी आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष अपायकारक पिण्याच्या पातळीखाली आले होते, तर न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आधीच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. वर्षभरानेही फरक टिकून होता.

हे आकडे प्रशिक्षणार्थींना पहिल्याच दिवशी, दोन्ही बाजूंनी सांगावेत. १०० पैकी ३६ म्हणजे ६४ जण त्या पातळीखाली आले नाहीत, आणि तीन महिन्यांच्या टप्प्यावर जे पीत राहिले त्यांच्या रोजच्या मापात दोन गटांमध्ये फरक दिसला नव्हता. हे ठाऊक नसलेला समुपदेशक तिसऱ्या अपयशानंतर स्वतःला दोष देतो आणि पाचव्यानंतर रुग्णाला.

या चाचणीत कोणाला घेतले होते, तेही समजून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. तिचे गुण ० ते ४० असतात. ८ पासून पुढे धोका मानतात आणि २० किंवा त्याहून अधिक गुण अवलंबित्वाची शंका दर्शवतात. गोव्यातल्या चाचणीत १२ ते १९ गुणांचे पुरुष होते. गावातल्या समुपदेशकाचे क्षेत्र मुख्यतः हेच. २० च्या पुढचा माणूस आला तर त्याच्याशी बोलणे थांबवायचे नाही, मात्र एकट्याने त्याचा उपचारही करायचा नाही.

माणसे निवडणे

शिक्षण दहावी-बारावीपर्यंत असले तरी चालते. त्याहून महत्त्वाची गोष्ट निवडीच्या वेळी दहा मिनिटांत तपासता येते: उमेदवारासमोर एक खोटा रुग्ण बसवावा आणि उमेदवार किती वेळ गप्प राहू शकतो ते पाहावे. जो दुसऱ्याच मिनिटाला सल्ला देऊ लागतो, त्याला शिकवणे अशक्य नाही, पण वेळ लागतो. जो गुरासारख्या राबणाऱ्या बायकोची बाजू घेऊन समोरच्याला झापतो, त्याची तळमळ खरी असली तरी त्याला दुसरे काम द्यावे.

स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे या कामात फार मोलाची असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून हे दाखवून दिले आहे. मात्र प्रशिक्षणात त्यांना एक गोष्ट सोडायला अवघड जाते, ती म्हणजे आपल्याला जे लागू पडले तेच प्रत्येकाला लागू पडेल ही खात्री. माळ घालून सुटलेला माणूस सगळ्यांना माळ सुचवतो, ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या स्वमदत गटाच्या, बैठकांनी सुटलेला बैठका सुचवतो. दोन्ही उपयोगी आहेत. निवड मात्र रुग्णाची असली पाहिजे.

कोकणात एक गोष्ट विसरून चालत नाही. येथे गाव म्हणजे वाड्या, आणि वाडीत सगळे एकमेकांचे भावकीतले. ज्या बाईने समोरच्याच्या लग्नात पंगत वाढली, तिच्यापुढे तो आपले पिणे उघडे करत नाही, किंवा केलेच तर दुसऱ्या दिवशी तिला टाळतो. त्यामुळे समुपदेशकाने स्वतःच्या वाडीत काम करू नये, शेजारच्या वाडीत करावे, अशी अदलाबदल निवडीच्या वेळीच ठरवावी. बंदरावर पुरुषांशी बोलायला पुरुष समुपदेशक हवाच असे नाही. आमच्या अनुभवात खलाशी एखाद्या वयस्क ताईशी अधिक मोकळे बोलले. पण संध्याकाळी जेटीवर एकटीला पाठवू नये. रत्नागिरीच्या बंदरात किंवा आंब्याच्या बागांत नेपाळहून आलेले कामगार पुष्कळ असतात, म्हणून गटात निदान एक जण सफाईने हिंदी बोलणारा असावा.

वेळापत्रक समुद्राकडे पाहून आखावे

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. बोटी शाकारलेल्या असतात, खलाशी घरी असतात, आणि नेमके याच रिकाम्या दिवसांत पिणे वाढते. वर्गातले प्रशिक्षण एप्रिलच्या सुरुवातीला उरकून सराव जूनमध्ये ठेवला, तर रुग्णही सापडतात आणि त्यांना चार भेटींपर्यंत थांबायला सवडही असते. शेतीच्या गावांत मात्र जून-जुलै म्हणजे लावणी, तेथे हे गणित उलटते. मे महिन्यात चाकरमानी येतात, गणपतीत तर कोणीच सापडत नाही, आणि शिमग्यात समुपदेशकच पालखीबरोबर असतो. या तिन्ही काळांत वर्ग ठेवू नयेत. पण त्यांच्या आधीच्या आठवड्यात रुग्णाची भेट आवर्जून ठेवावी.

पहिला धडा मापाचा

ऑडिटचे प्रश्न विचारायचे तर 'एक ड्रिंक' म्हणजे किती, हे समुपदेशकाला डोळ्यांनी कळले पाहिजे. एका प्रमाणित मापात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा किंवा देशीचा ३० मिलिलिटरचा एक पेग म्हणजे साधारण हे माप. नाइन्टी, म्हणजे ९० मिलिलिटर, म्हणजे तीन मापे; क्वार्टर, म्हणजे १८०, म्हणजे सहा. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार मापे, आणि "मी फक्त बिअर घेतो" असे सांगणाऱ्याला हे कळले की तो बराच वेळ बाटलीकडे पाहत राहतो.

हा धडा फळ्यावर शिकवू नये. रिकाम्या बाटल्या, स्टीलचे पेले, काचेचे ग्लास आणि कोकम सरबत घेऊन बसावे, आणि प्रत्येकाला "घरी ओततात तसे ओता" असे सांगून मग मोजपात्राने मोजायला लावावे. घरचा एक पेग साठ मिलिलिटरच्या खाली क्वचितच भरतो. माडी, हातभट्टी आणि काजूच्या बोंडांची गावठी यांची तीव्रता ठरलेली नसल्याने तेथे अंदाजानेच चालावे लागते. शिवाय हातभट्टी बेकायदा असल्याने माणूस ती सांगतच नाही. "काय घेता?" असे न विचारता "घरची, भट्टीची, दुकानातली, गोव्याहून आलेली, कोणती कोणती होते?" असे सगळे पर्याय आपल्याच तोंडून सांगून विचारले की, उत्तर देणाऱ्याची अडचण कमी होते.

शब्दांचाही सराव येथेच घ्यावा. बेवडा, दारुडा, पिंद्या हे शब्द वर्गात विनोदानेसुद्धा चालू देऊ नयेत, कारण वर्गात जे तोंडात बसते तेच ओट्यावर बसून बोलताना बाहेर येते. 'दारूचा त्रास असलेला माणूस' हे लांबलचक वाटते, पण त्यातून 'त्रास' हा शब्द सापडतो, आणि संभाषण सुरू करायला तो फार उपयोगी पडतो.

धोक्याची खूण, जी इतर सर्व काही विसरले तरी लक्षात राहिली पाहिजे

या एका विषयावर मी सर्वांत कडक परीक्षा घेतो, आणि नापास झालेल्याला रुग्ण देत नाही. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली तर ते जिवावर बेतू शकते. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हातांची थरथर, घाम, मळमळ, झोप न लागणे सुरू होते. साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काही जणांना भ्रम होतो, म्हणजे माणसाला स्थळकाळाचे भान राहत नाही, भिंतीवर किडे चालताना दिसतात, अंगात ताप भरतो. या शेवटच्या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि ती तातडीची वैद्यकीय आणीबाणी आहे.

गावात या अवस्थेला 'बाहेरचे लागले' असे नाव मिळण्याचा संभव मोठा आहे. माणसाने सोमवारी सगळ्यांसमोर शपथ घेतली, बुधवारी रात्री तो बडबडू लागला, गुरुवारी त्याला कोणाकडे तरी नेले, आणि तोवर रुग्णालयात पोहोचण्याची वेळ निघून गेली, अशी साखळी प्रशिक्षणार्थींकडून दिवस मोजून फळ्यावर मांडून घ्यावी. कोकणाची आणखी एक खास जोखीम म्हणजे बोट. बरेच दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरवर अवलंबित्व असलेला खलाशी दारूविना गेला, तर फिट यायची ती किनाऱ्यापासून कित्येक तास दूर असताना येते. म्हणून तांडेल आणि बोटमालक यांच्यासाठी तासाभराचे वेगळे सत्र ठेवावे, आणि त्यात उपदेश न करता एवढेच शिकवावे की, जाळी भरताना हात थरथरणारा माणूस त्या फेरीला न्यायचा नाही.

समुपदेशकाने तीन प्रश्न पाठ करावेत: सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का, न घेतल्यास हात थरथरतात का, आणि पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट किंवा भ्रम झाला होता का. एकाचेही उत्तर 'हो' आले तर "आजपासून बंद करा" हे वाक्य उच्चारायचे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने बंद करायची. तेथे ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देण्याचे महत्त्व आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांनाही याच सत्रात सांगावे, कारण दीर्घकाळ पिणाऱ्या आणि न जेवणाऱ्या माणसाला थायमिनशिवाय नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे मेंदूला घातक ठरू शकते.

चहातून किंवा भाजीतून नकळत दिल्या जाणाऱ्या 'दारू सोडवणाऱ्या' गोळ्या आणि पावडरींबद्दलही स्पष्ट बोलावे. त्यांतल्या काहींत डायसल्फिराम असू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णाला सांगून देण्याचे औषध आहे, आणि त्यावर दारू घेतली तर छाती धडधडणे, रक्तदाब कोसळणे इथपर्यंत वेळ येते. ज्या माऊलीने ती पुडी आणली तिच्यावर रागावू नये. तिला पुडीऐवजी काय करता येईल ते सांगता आले पाहिजे.

बोलणे, म्हणजे मुख्यतः ऐकणे

विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर विकसित केलेली मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही संवादपद्धती या उपचाराचा कणा आहे. तिचे मूळ साधे आहे. पिणाऱ्या माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात. आपण 'सोडा' ही बाजू घेतली की त्याच्याकडे 'राहू द्या' हीच बाजू उरते, आणि ती मोठ्याने बोलता बोलता त्याला ती पटत जाते. म्हणून बदलाची बाजू त्याच्या तोंडून आली पाहिजे.

हे वाक्य सर्वांना पटते आणि कोणालाच जमत नाही. म्हणून व्याख्यान दहा मिनिटे आणि सराव दोन तास असे प्रमाण ठेवावे. सरावासाठी एक वाक्य द्यावे. मालवणकडचा खलाशी म्हणतो: "ताई, दिसभर हाडां मोडतत, मगे रात्रीक दोन घोट घेतलंय तर काय बिघाडला?" प्रत्येकाने पुढचे एकच वाक्य बोलायचे. पहिल्या फेरीत हमखास येतात ती वाक्ये अशी: "पण दादा, लिव्हर खराब होते," "मुलांचा विचार करा," "दोनच घोट घेता का खरेच?" तिन्ही वाक्ये खरी आहेत आणि तिन्हींनी दार लागते. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायला मनाई करावी; फक्त ऐकलेले आपल्या शब्दांत परत ऐकवायचे. मग एखादी म्हणते, "दिवसभराच्या कष्टानंतर अंग मोकळे व्हायला दुसरे काही सापडत नाही." खलाशाची भूमिका करणारा थांबतो, आणि बहुतेक वेळा पुढचे वाक्य स्वतःच जोडतो: "सापडत नाय असा नाय, पण सवय झाली." बदलाची बाजू आली. ती ओळखून तिथेच थांबणे आणि तिला आणखी बोलते करणे, हे शिकायला आठवडे जातात.

खोट्या भूमिकांचा एक तोटा असा की, माणसे नाटकी दारुडा करतात आणि पाच मिनिटांत नाटकीच सुधारतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने स्वतःची खरी, अजून न सुटलेली सवय घेऊन रुग्णाच्या खुर्चीत बसावे. आमच्या एका वर्गात बारापैकी पाच ताई मशेरी लावत होत्या. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड दातांना लावणे म्हणजे व्यसन, हे त्यांनी तोवर तंबाखूविरोधी तक्ते भिंतीवर चिकटवतानाही मनाशी जोडले नव्हते. त्यांतल्या एकीला समोरच्या मैत्रिणीने प्रेमानेच, पण सलग चार सल्ले दिले. खुर्चीतून उठताना ती म्हणाली, "मला आता घरी जाऊन आधी मशेरीच लावावीशी वाटते आहे." उपदेशाचा परिणाम काय होतो, हे त्या दिवसानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मशेरी सोडण्याचा विषय त्या वर्गात पुढे स्वतंत्रपणे घ्यावा लागला, हे ओघाने आलेच.

मधल्या भेटींतले कौशल्य

येथे प्रशिक्षण अधिक सरळ असते, कारण कामे ठोस असतात. रुग्णाबरोबर बसून मागच्या आठवड्यात कधी, कोठे, कोणाबरोबर आणि कशानंतर घेतली याची नोंद करायची, आणि धोक्याच्या जागा त्याच्याच तोंडून काढायच्या. त्या जागा पुस्तकातल्या नसतात. बोट लागल्यावर होणारा हिशोब आणि हातात आलेली रोकड, क्रिकेटच्या मॅचनंतरची मैदानाशेजारची बैठक, मुंबईहून आलेला भाऊ आणि त्याच्या पिशवीतली बाटली, काही गावांत देवाला राखण दिल्यावर मिळणारा दारूचा प्रसाद, अशा त्या असतात. हिशोबाच्या दिवशी पैसे थेट बायकोच्या खात्यात जमा करण्याचा उपाय एखाद्याला पटतो, दुसऱ्याला तो अपमान वाटतो. म्हणून उपाय समुपदेशकाने सुचवण्याआधी रुग्णाला निदान तीन सुचवू द्यावेत.

नकार देण्याचा सराव उभे राहून, मोठ्याने, गावच्या बोलीत करून घ्यावा. "नको" म्हणणे सोपे आहे, "काय रे, बायकोक घाबारतंस?" यानंतर दुसऱ्यांदा "नको" म्हणणे अवघड आहे, आणि सराव त्या दुसऱ्या वेळेचा हवा. तलफ लाटेसारखी असते, चढते आणि ओसरते, हे समजावायला किनाऱ्यावरच्या माणसाला चित्र काढून दाखवावे लागत नाही. भरती उतरेपर्यंत वीस मिनिटे काय करायचे, एवढे मात्र आधी ठरवून ठेवावे लागते.

पुन्हा पिणे झाले तर काय, याची बोलणी तो सुटलेला असतानाच करावी. एकदा घसरला की लाजेने माणूस भेटीला येत नाही, आणि न आल्यामुळे पूर्ण वाहून जातो. "घेतलीत तरी शुक्रवारी या, घेऊन आलात तरी बसू" हे वाक्य दुसऱ्या भेटीतच सांगून ठेवायचे असते.

खरे प्रशिक्षण वर्ग संपल्यावर सुरू होते

इतर सगळ्यात काटछाट झाली तरी चालेल. या भागात होता कामा नये. मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४० परवानाधारक व्यावसायिकांना वेगवेगळ्या प्रकारे प्रशिक्षण दिले. कार्यशाळेने कौशल्य वाढले, पण ज्यांना नंतर स्वतःच्या कामावर अभिप्राय किंवा मार्गदर्शन मिळाले नाही त्यांचे कौशल्य महिन्यांत ओसरत गेले. व्यावसायिकांची ही गत असेल, तर पगाराशिवाय मानधनावर काम करणाऱ्या आशाताईकडून तीन दिवसांच्या शिबिरावर वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

म्हणून दर आठवड्याला दोन तासांची ऐकण्याची बैठक ठेवावी. रुग्णाच्या लेखी परवानगीने एक भेट मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची, बैठकीत त्यातली वीस मिनिटे सर्वांनी ऐकायची, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुणतक्ता भरायचा: प्रश्न किती, परत ऐकवणे किती, न मागता दिलेले सल्ले किती, बदलाची बाजू आली तेव्हा समुपदेशकाने काय केले. एका प्रश्नामागे निदान एकदा परत ऐकवणे व्हावे. दोनदा झाले तर काम चांगले चालले आहे. मग आकडे फळ्यावर लिहायचे आणि जेथे फरक पडला तेथे ध्वनिमुद्रण पुन्हा लावायचे. सुरुवातीचे दोन महिने तज्ज्ञ बैठक चालवतो. त्यानंतर सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण द्यावेत. गोव्यात सामान्य समुपदेशकांनी एकमेकांच्या कामाचे असे मूल्यमापन केले आहे आणि ते उपयोगी ठरले आहे.

पहिली बैठक कोणालाच आवडत नाही. स्वतःचा आवाज ऐकताना लोक मान खाली घालतात, आणि समोरचे "छान होते, छान होते" म्हणून विषय संपवतात. पहिले ध्वनिमुद्रण प्रशिक्षकाने स्वतःचे लावावे, तेही फसलेले. माझ्या एका मुद्रणात मी अठरा मिनिटांत सोळा प्रश्न विचारले होते आणि रुग्णाने बहुतेकांना 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर दिले होते. ते मी अजून जपून ठेवले आहे आणि प्रत्येक तुकडीला ऐकवतो. एकदा एका संस्थेने गुणतक्त्यांचा उपयोग मानधन कापण्यासाठी केला. पुढच्या आठवड्यापासून एकही फसलेले ध्वनिमुद्रण बैठकीत आले नाही. गुण शिकण्यासाठी आहेत, हजेरीपटासाठी नाहीत, हे निधी देणाऱ्यांकडून आधीच लिहून घ्यावे.

गुप्तता, कायदा आणि पुढे पाठवणे

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात, आणि तो कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. व्यवहारात याचा अर्थ असा की, तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी विचारले तरी नाव सांगायचे नाही, बायकोने विचारले तरी रुग्णाला विचारूनच सांगायचे, आणि वही आरोग्य केंद्राच्या कपाटात कुलपात ठेवायची. जीव धोक्यात असल्यास मात्र गुप्तता बाजूला ठेवावी लागते, आणि हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायचे असते. अमली पदार्थांबाबत, १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातील कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पोरगा ब्राऊन शुगरमध्ये सापडला म्हणून भीतीने घरात कोंडणाऱ्या आईबापांना हे ठाऊक नसते.

पुढे पाठवण्याची यादी एका पानावर असावी: जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तपासणीचे वार, मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग, ए.ए.ची जवळची बैठक, तसेच टेलिमानस ही मानसिक आरोग्य मदतवाहिनी १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक १४४४६. यादी तयार करून वाटणे पुरेसे नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने एकदा तरी त्या रुग्णालयात स्वतः जाऊन केसपेपर कोठे काढतात, डॉक्टर किती वाजता बसतात आणि परतीची एसटी किती वाजता आहे, ते पाहून यावे. नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी तलफ कमी करणारी औषधे असतात एवढे समुपदेशकाला माहीत असावे. ती कोणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

काय मोजायचे

किती जणांनी शपथ घेतली, किती पत्रके वाटली, किती रॅल्या निघाल्या, हे मोजू नये. पहिल्या भेटीला आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या भेटीला आले, किती जणांच्या ठरलेल्या भेटी पूर्ण झाल्या, आणि तीन महिन्यांनी पुन्हा घेतलेल्या ऑडिटमध्ये गुण किती होते, हे तीन रकाने पुरतात. तिसरा रकाना भरणाऱ्याने उपचार केलेला नसावा, कारण ज्या ताईने चार वेळा मन लावून ऐकले तिच्यापुढे "परत सुरू झाली" असे सांगायला माणसाची जीभ उचलत नाही. शेजारच्या उपकेंद्रातल्या समुपदेशकाला ते काम द्यावे आणि त्याच्या रुग्णांची तेथली भेट या ताईने घ्यावी.

पहिल्या तुकडीच्या बारापैकी सहा-सात जणी वर्षअखेरीस टिकल्या तर दुसरी तुकडी घ्यायला हरकत नाही. त्या तुकडीचा कोकम सरबताचा धडा पहिल्या तुकडीतल्या एखादीला घेऊ द्यावा, आणि आपण मागच्या बाकावर बसून गुणतक्ता भरावा.